सतरा नंबरचा डबा

तुम्ही कधी दगडातून वर्तमानपत्र वाचलं आहे का? नाही ना? मग एखाद्या माणसाला ‘नुसता दगड आहे’ म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

मी वाचलं आहे. दगड डोंगराच्या पायथ्याचा होता, वर्तमानपत्र तीन दिवसांपूर्वीचं होतं, आणि दगड घासून घासून कागदाहून पातळ करून माझ्या हातात देणारी बाई म्हणजे आत्या.

आत्या माझी नव्हे. ती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाची. शिकणारी पोरं तिला आत्या म्हणतात, शिपाई आत्या म्हणतो, आणि केस पिकलेले विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, तेही आत्याच म्हणतात. खरी भाचरं तिला आहेत, भावाची दोन. ती तिला नावाने हाक मारतात. आता याला मी काय करू.

आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच झाल्या आहेत. आमच्या गल्लीच्या गटारातून राखाडी गाळ वाहत यायचा आणि तोंडाशी बसून राहायचा. तीन अर्ज केले, तिन्हींना उत्तर नाही. तेव्हा मी त्या गाळाची एक बाटली भरली आणि गटाराच्या कडेकडेने उलट्या दिशेने चालत सुटले. उगम निघाला विभागाच्या तळमजल्यावर, मागच्या खोलीत. तिथे एक ठेंगणी बाई रबरी बूट आणि मेणकापडी एप्रन घालून एका जाड काचेवर काहीतरी घासत होती. मी बाटली तिच्यासमोर आपटली आणि पंधरा मिनिटं बोलले. आरोग्य, कायदा, माणुसकी, सगळं झालं. तिने सगळं ऐकून घेतलं, बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, “राखाडी आहे ते माझं. तांबूस आहे ते तुमच्या गल्लीचं.”

पुढच्या आठवड्यात तिने खोलीत तीन पिंपं ओळीने लावली. गाळ पिंपांत बसायला लागला, गटारात नितळ पाणी यायला लागलं. मला आयुष्यात इतक्या लवकर कुणी न्याय दिला नव्हता. खरं सांगते, थोडी निराशाच झाली. काढलेली पत्रकं तशीच पडून राहिली.

मग मी न भांडताही तिथे जायला लागले.

तिचं काम सांगायला सोपं आहे. दगडाचा काडेपेटीएवढा तुकडा करवतीने कापायचा. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत करून रेझिनने काचेच्या पट्टीवर चिकटवायची. मग दुसऱ्या बाजूने घासत राहायचं. जाड काचेवर पाणी, पाण्यात कार्बोरंडमची, म्हणजे दगडालाही खाणारी खरखरीत भुकटी, आणि बोटांखाली तो तुकडा, इंग्रजी आठच्या आकारात गोल गोल. केसाच्या निम्म्याहूनही पातळ झाला की थांबायचं. एक फेरा जास्त झाला तर दगड नाहीसाच होतो. सकाळपासूनची मेहनत पाण्याबरोबर पिंपात. किती पातळ झाला हे मोजायला पट्टी नाही. त्यांच्या सूक्ष्मदर्शकात दोन गाळण्या असतात, प्रकाश एकाच दिशेने सोडणाऱ्या. त्यांच्या मधे काप धरला की फेल्डस्पार नावाचं खनिज बोलायला लागतं. जाड असेल तर पिवळट दिसतं. बरोबर झालं की पांढरट राखाडी. आत्या म्हणते, पिवळं आहे तोवर कच्चं.

या फेल्डस्पारांतल्या एकाचं नाव प्लॅजिओक्लेज. ते धड उच्चारायला मला आठवडा लागला. आत्या त्याला ‘पट्टेवाला’ म्हणते, कारण त्या गाळण्यांमधे त्याच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे उमटतात. विभागाच्या शिपायाला हे नाव आवडत नाही.

हा पट्टेवाला म्हणजे जमिनीखालचा साक्षीदार. खाली दगड वितळून जो शिलारस तयार होतो, मोठी माणसं ज्याला मॅग्मा म्हणतात, त्यात हा थरावर थर चढवत वाढतो. रस खूप तापलेला असताना बनलेल्या थरात कॅल्शियम जास्त. रस निवत गेला की पुढच्या थरांत सोडियम वाढत जातं. सूक्ष्मदर्शकाची तबकडी फिरवली की हे थर एकेक करून काळे पडतात, गल्लीतले दिवे ओळीने विझावेत तसे. मधून कडेपर्यंत वाचत गेलं की रस कसकसा निवला याची हजेरीच मिळते. आणि ही हजेरी खोटी लावता येत नाही.

हजेरीवरून आठवलं. विभागाच्या दारात अंगठ्याचं यंत्र बसवलं तेव्हा आत्याची पंचाईत झाली. इतकी वर्षं भुकटीत घासून तिच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. यंत्र रोज सांगायचं, ओळख पटली नाही. तीन महिने ती कागदोपत्री गैरहजर होती आणि त्याच तीन महिन्यांत तिने दोनशे काप करून दिले. मी ते दोनशेच्या दोनशे एका पेटीत घालून कार्यालयाच्या दारात जाऊन बसले. साहेबांना म्हटलं, हे गैरहजर बाईने केलेत, आता तुमच्या हजर माणसांनी काय केलं ते मांडा. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी वेगळी वही आली. मी पेढे मिळाल्यासारखी नाचले. आत्या मात्र त्या वहीत सही करताना आजूबाजूला बघून घ्यायची. हात असून ओळख नाही, म्हणायची.

म्हणूनच ती निवृत्त व्हायच्या आधी मोठ्या सरांनी तळमजल्यावरच्या त्या खोलीला तिचं नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. पितळी पाटी बनली. तिचं पूर्ण नाव विभागात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारकुनाला जुनी फाईल काढावी लागली. सुताराने दारावर स्क्रूसाठी पेन्सिलने दोन फुल्या मारून ठेवल्या. आत्या रोज सकाळी दार पुसायची आणि त्या दोन फुल्या तेवढ्या फडक्यातून वाचवायची.

आता मोठ्या सरांबद्दल. विभागामागे जो डोंगर आहे तो लाव्हाचा, एकावर एक एकतीस थर. सरांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, की हा सगळा डोंगर जमिनीखालच्या एकाच शांत भांड्यातून आला. भांड्यात रस सावकाश निवत होता; मधे नवीन कुणी आलं नाही, कुणी ढवळलं नाही. पुरावा? आत्याचे काप. प्रत्येकात पट्टेवाला स्वच्छ, आतून बाहेर थर शिस्तीत. यावर त्यांचं जाडजूड पुस्तक आहे. एकतीस वेळा फुटून बाहेर आलेलं भांडं शांत कसं, हे मला कधी पटलं नाही, आणि मी तसं तोंडावर म्हटलंही. सरांनी माझं शिक्षण विचारलं. मी म्हटलं, गटारापासून उगमापर्यंत.

तर पाटी लागायला महिना असताना विभागात एक नवी संशोधक आली. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. तिने डोंगराच्या वरच्या थरांतून स्वतः दगड आणले आणि त्यांवर पेनने रेघाही स्वतःच मारल्या. आत्या, इथेच कापा, इकडे तिकडे नको, असं बजावून गेली. आत्याने रेघेवर कापलं. काप तयार झाले. चष्मेवालीने बघितले आणि चेहरा पाडून खाली आली. पट्टेवाल्यांच्या पोटात भोकंच भोकं, चाळणी झाल्यासारखी. सरांच्या कपाटातले काप कसे आरशासारखे आणि हिचे असे. ती वाईट पोरगी नाही, शब्द जपून वापरत होती. पण शब्द कितीही जपला तरी लागायचा तिथेच लागतो.

“आत्या, या वयात हात थोडा...”

“हात थोडा काय?”

“म्हणजे घासताना भोकं पडली असतील.”

आत्याने करवतीचं बटण बंद केलं. माझ्या जिभेवर चार वाक्यं तयार होती. आत्याने नुसता हात वर केला आणि मी ती गिळली. त्या दिवसापुरती.

तिने त्याच दगडांचे काप पुन्हा केले. मग तिसऱ्यांदा केले, सगळ्यात मऊ भुकटी घेऊन, तान्ह्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवावा तशा हाताने. भोकं तिथेच. चौथ्या दिवशी तिने मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. तू कुणाचंच ऐकत नाहीस म्हणून तूच बघ, म्हणाली. हा मी गौरव समजते.

मी बघितलं. स्फटिकाचा मधला भाग कुरतडल्यासारखा, त्याचे कोपरे झिजून गोल झालेले, आणि त्याच्याभोवती स्वच्छ, नवी कोरी किनार. मी म्हटलं, मधेच कुणीतरी हे खाल्लंय आणि नंतर वरून रंगरंगोटी केलीय. आत्याने माझ्या पाठीवर एक रट्टा दिला. तिला तेच ऐकायचं होतं.

तिने चष्मेवालीला बोलावलं आणि समजावलं, म्हणजे सुनावलं. माझ्या हाताने भोक पडलं असतं तर ते कुठेही पडलं असतं, आधी कडेला. हाताला काय ठाऊक, प्रत्येक स्फटिकाचा कितवा थर कुठे आहे? ही भोकं सगळ्या स्फटिकांत त्याच थरात, गोल रांगेत आहेत. आणि त्यांच्यात भुकटी नाही, काच आहे, तपकिरी. शिलारस आत शिरून तिथेच गोठला की होते तशी.

चष्मेवाली खुर्चीत बसली ती दोन तास उठली नाही. मग चष्मा पुसत तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. रस निवत चाललेला, पट्टेवाला गुमान वाढत होता. अचानक खालून नवा, रसरशीत तापलेला रस घुसला. पट्टेवाला त्यात विरघळायला लागला, कोपरे गेले, पोटात भोकं पडली. मग दोन्ही रस मिसळले, पुन्हा निवायला लागले आणि त्याच फाटक्या स्फटिकावर नवी किनार चढली, पुन्हा कॅल्शियमची. काही स्फटिकांचा गाभा तर इतका वेगळा, की तो या रसाचा नव्हेच. आधीच्या कुठल्यातरी रसातून खाली साचून राहिलेला, नव्या लोंढ्याने उचलून आणलेला. म्हणजे भांडं वगैरे काही नव्हतंच. खाली होता स्फटिकांनी खच्चून भरलेला दाट चिखल, त्यातून वाट काढणारा थोडासा रस, आणि वारंवार येऊन धडकणारी नवी मंडळी.

मला हे झटक्यात कळलं. मी दहा बिऱ्हाडांच्या एका जिन्यावर वाढले आहे.

चष्मेवालीने आत्याची माफी मागितली, अगदी मनापासून. आत्याने मान हलवली. पण तिचं लक्ष माफीत नव्हतं. ती भिंतीवरच्या फळीकडे बघत होती. फळीवर बिस्किटांचे निळे गोल डबे होते, प्रत्येकाच्या झाकणावर लाल नेलपॉलिशने नंबर. मी त्यांना आजवर स्क्रू-खिळ्यांचे डबे समजत होते.

पोरगी गेल्यावर आत्याने मला सांगितलं. बाटल्या धुण्यावरून ती नुकतीच घासण्यावर आली होती, वीस वर्षांची. तिचा एक काप असाच भोकाभोकांचा निघाला. सर तेव्हा तरुण आणि तापट. सगळ्या वर्गासमोर तो काप उंच धरून म्हणाले, काप करतेस की जाळी विणतेस? वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने एक पद्धत बसवली. सरांच्या प्रत्येक दगडाचे आठ-दहा तुकडे कापायचे आणि भिंगाखाली धरायचे. ज्यात पांढरे स्फटिक काचेसारखे नितळ, तो घासायला घ्यायचा. ज्यात ते दुधाळ, गढूळ, तो बाजूला. टाकवेना, म्हणून त्यावर पांढऱ्या रंगाने खूण करून डब्यात. डोंगराचे थर एकतीस, डबेही एकतीस. बिस्किटांना तोटा नव्हता, प्राध्यापक मंडळी चहाशिवाय विचार करत नाहीत.

म्हणजे बघा. सरांचा शांत डोंगर सरांच्याच एका ओरडण्यातून तयार झाला होता.

मी इतकी हसले की पिंपाला धरून उभी राहिले. मग मला राग आला, नेहमीप्रमाणे मागून. म्हटलं, सोमवारी पाटी लागायच्या वेळी सगळे जमतील तेव्हा आपण जाहीर करू. पत्रक मी लिहिते. दोष कुणाचा ते मोठ्या अक्षरांत. नाहीतर दुसरा मार्ग, तोंड बंद ठेव, पाटी लागू दे, महिन्याभराने डबे सापडले म्हण. हा दुसरा मार्गही मीच सुचवला. लपवून काय उपयोग.

आत्या डबे पुसत होती. म्हणाली, “ओरडले सर. निवडलं मी. पाटी लागतेय ती हातासाठी, आणि हात चांगलाच होता गं. डोळा लबाड होता.”

सोमवारची वाट तिने बघितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अठरा नंबरचा डबा आणि त्यातून रात्रभर बसून केलेले चार काप घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. मला दाराबाहेर थांबायला सांगितलं. दार मी थोडं उघडं ठेवलं, हवा यावी म्हणून.

तिने सगळं सरळ सांगितलं, उभ्या उभ्या. सर ऐकत होते. मग त्यांनी काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माझा पाय बधिर झाला तेवढा. शेवटी सर म्हणाले, “हे तेव्हाच का नाही दिलंत मला?”

“तुम्ही म्हणाला होतात, काप करतेस की जाळी विणतेस.”

“मी? मला आठवत नाही.”

“मला आठवतं.”

सर खिडकीकडे वळले. खिडकीतून डोंगर दिसतो, त्याला बिचाऱ्याला कुठे जाता येतं. मला वाटलं, आता पाटी गेली. आत शिरून काय काय बोलायचं ते मी मनात लावत होते. पण सर वळले आणि म्हणाले, एका डब्यावरून डोंगर ठरत नाही. एकतीसही डबे घ्या, पायथ्यापासून माथ्यापर्यंत काप करा, मग बघू. आणि बाह्या दुमडत विचारलं, की एखादा जास्तीचा एप्रन आहे का.

एप्रन त्यांना आखूड झाला. घासायला बसले तेव्हा पहिल्याच दिवशी दोन काप पाण्यात गेले. आत्याने तिसरा तुकडा पुढे सरकवला. मी बोलले. म्हटलं, सर, तुम्ही काप करता की नाहीसा करता?

सोमवारी सुतार स्क्रू घेऊन आला. आत्याने त्याला परत पाठवलं. एकतीस डब्यांचा हिशेब लागेपर्यंत पाटी नको, असं तिने सरांना सांगितलं, आणि सरांनी दोनदा आग्रह करूनही ऐकलं नाही. पाटी तेव्हापासून वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या खणात आहे.

ती निवृत्त झाली त्याला आता आठ महिने झाले. रोज येते. सही करायची वही बंद झाली, त्याचं तिला काहीच वाटत नाही. तिघं मिळून घासतात. पहिल्या सोळा डब्यांत चाळणी झालेले पट्टेवाले मोजके निघाले, बाकीचे नुसतेच दुधाळ, भोकांशिवाय. अठरापासून पुढे प्रत्येक तुकड्यात तेच. सर म्हणतात, म्हणजे अर्धा डोंगर तरी माझा आहे, सोळाव्या थरापर्यंत भांडं शांतच होतं. चष्मेवाली म्हणते, नवा रस सुरुवातीपासून थोडा थोडा येत होता, सतराव्या थरात त्याचा जोर दिसेल. दोघंही ऐकत नाहीत. आणि भांडण मिटवणारा सतरा नंबरचा डबा फळीवर नाही. सोळा आहे, अठरा आहे, मधे गोल डाग आहे.

नवीन दगड आणावा तर सतरावा थर उघडा होता तो एकाच ठिकाणी, आणि तिथून आता रस्ता गेला आहे. त्या रस्त्याविरुद्ध मी मोर्चा काढला होता. तेव्हा हे सगळे कुठे होते, हे मी त्यांना आठवड्यातून एकदा विचारते.

डबा कुठे गेला तेही कळलं. आत्याची वहिनी पाच वर्षांपूर्वी तिचा जेवणाचा डबा द्यायला आली होती. जाताना फळीवरचा एक निळा डबा घेऊन गेली, दोरे-सुया ठेवायला. घरी जाऊन बघते तर झाकण उघडेना. पण वजन छान, म्हणून तिने तो दाराला लावला, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. दोन वर्षं दार आपटलं नाही. मग वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने सामान हलवताना दार धरायला तो मागून घेतला, आणि सामानाबरोबर तोही गाडीत गेला. त्यांचा पत्ता वहिनीला माहीत नाही. त्यांची मुलगी फार छान शिट्टी वाजवायची, एवढं आठवतं. आत्या वहिनीला एक शब्दही बोलली नाही. माझ्याकडून तो निघालाच, दोन-तीन निघाले.

म्हणून हे लिहिते आहे. उठा आणि घरात फिरून बघा. तुमच्या, शेजाऱ्यांच्या, सासरच्या, कुठल्याही दाराशी एखादा निळा गोल डबा टेकून ठेवलेला असेल, झाकणावर लाल नेलपॉलिशने सतरा लिहिलेलं असेल, तर तो उचला. हलवू नका, आतले तुकडे एकमेकांवर घासतात. झाकण उघडायला जाऊ नका, ते आत्याच उघडेल. तुम्ही तो कुठून उचललात, इतकी वर्षं का ठेवलात, असं कुणी विचारणार नाही, मीसुद्धा नाही. गटाराच्या कडेकडेने उलट्या दिशेने चालत या, तळमजल्यावरची मागची खोली, दारावर पेन्सिलच्या दोन फुल्या आहेत. डबा आत आणून द्या. दाराला दुसरं काहीतरी लावा.